गेलिक फुटबॉलची मॅच आणि पलीकडच्या बाजूचे पुढारी : नाटक की खरंच काही?

बेलफास्टचा_बाळू (धागाकर्ता)
मंडळी, उत्तर आयर्लंडात राहायला आल्यापासून एक गोष्ट डोक्यात नीट बसत नाहीये म्हणून हा धागा. आपल्याकडे पुढारी मॅचला आला की पोटात गोळा येतो, आता हार, नारळ, भाषण आणि खेळाडू तासभर उन्हात उभे. इथे पुढारी मॅचला नुसता आला तरी ती पहिल्या पानाची बातमी होते आणि लोक वर्षानुवर्षं त्यावर भांडतात.

थोडक्यात पार्श्वभूमी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे इथले देशी खेळ, ते चालवते जीएए नावाची संघटना, स्थापना १८८४. खेळणारे आणि बघणारे बहुतांश कॅथलिक, म्हणजे आयर्लंड एक व्हावं म्हणणारे. ब्रिटनबरोबर राहायचं म्हणणारे युनियनिस्ट, बहुतांश प्रोटेस्टंट, ते या मैदानांकडे फिरकत नाहीत. आणि २०१८ च्या जूनमध्ये युनियनिस्टांच्या सगळ्यात मोठ्या पक्षाच्या, म्हणजे डीयूपीच्या अध्यक्ष आर्लीन फॉस्टर चक्क अल्स्टर प्रांताच्या गेलिक फुटबॉल फायनलला, सीमेपलीकडच्या क्लोन्स गावात जाऊन बसल्या. फर्मॅना विरुद्ध डॉनिगॉल. आयरिश राष्ट्रगीत लागलं तेव्हा उभ्या राहिल्या. ऑफिसात अजूनही याच्यावर दोन तट आहेत, एक म्हणतो धाडस, दुसरा म्हणतो फोटो.

तुम्हाला काय वाटतं? आणि जाता जाता एक वैयक्तिक प्रश्न, ऑफिसातल्या एकाने मला क्लोन्सला फायनल बघायला चल म्हटलंय. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या आजी पूर्व बेलफास्टच्या, पक्क्या युनियनिस्ट. त्यांना सांगितलं तर त्या फक्त "रविवारी?" एवढंच म्हणाल्या आणि किटली ठेवायला गेल्या. जावं का?

चहाबाज
पहिला! (सवयीने.) आता वाचतो.

शंकेखोर
फोटो. शंभर टक्के फोटो. त्या वेळची परिस्थिती बघा ना, जानेवारी २०१७ पासून स्टॉरमॉन्टचं, म्हणजे इथलं प्रांतिक सरकारच बंद पडलेलं होतं, ते पडलं त्या लाकडी गोळ्यांच्या बॉयलरच्या घोटाळ्यावरून, ती योजना बाईंच्याच खात्याची. वर आयरिश भाषेच्या कायद्याला विरोध करताना, मगरीला खायला घातलं की ती परत परत मागायला येते अशा अर्थाचं बोलून बसल्या, त्यावर शिन फेनवाल्यांनी (आयर्लंड एक व्हावं म्हणणारा पक्ष) मगरीचे पोशाख घालून प्रचार केला आणि त्यांची मतं दणकून वाढली. मग वर्षभराने आयरिश खेळाची एक मॅच बघायला जायचं आणि टाळ्या घ्यायच्या. भाषेचा कायदा द्यायला पैसे लागतात, इच्छा लागते, मॅचला काय लागतं, तिकीट.

जुनापुराणा
शंकेखोर, तिकिटापेक्षा बरंच जास्त लागलं त्यांना. आर्लीन फॉस्टर मूळच्या फर्मॅनाच्या, रॉझलीजवळच्या शेतावरच्या. क्लोन्स तिथून सीमेपलीकडे काही मैलांवर. वडील पोलिसांत अर्धवेळ होते, १९७९ मध्ये आयआरएने (ब्रिटनविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना) त्यांना घराच्या अंगणात गोळी घातली. ते वाचले, पण कुटुंबाला ते घर सोडावं लागलं. १९८८ मध्ये त्या ज्या शाळेच्या बसमध्ये होत्या तिच्याखाली बॉम्ब फुटला, ड्रायव्हर सैन्याच्या स्थानिक रेजिमेंटमध्ये होता म्हणून, शेजारी बसलेली मुलगी जबर जखमी झाली. अशा बाईने त्याच सीमेपलीकडच्या गावात, तिरंग्याखाली (त्यांचा तिरंगा, हिरवा पांढरा नारिंगी) उभं राहायचं. राजकीय हिशोब असेलच, पुढाऱ्याचा कधी नसतो, पण हिशोबाबरोबर दुसरं काही असूच शकत नाही असं का?

आणि रविवारचा मुद्दा. बाळू, तुमच्या आजींचा प्रश्न एका शब्दाचा असला तरी त्यात अख्खा पक्ष आहे. डीयूपी काढली इयान पेझलींनी, त्यांनीच आधी फ्री प्रेस्बिटेरियन चर्च काढलं होतं, आणि त्या मंडळींत रविवार म्हणजे प्रार्थनेचा दिवस, खेळ वर्ज्य. जीएएच्या मोठ्या मॅचेस परंपरेने रविवारीच. म्हणजे झेंडा आणि राष्ट्रगीत बाजूला ठेवलं तरी नुसता वारच आडवा येतो. फॉस्टर स्वतः चर्च ऑफ आयर्लंडच्या, ते जरा मवाळ, पण त्यांच्या पायाखालचे मतदार तसे नाहीत. त्यांना त्यांच्याच बाजूने ऐकून घ्यावं लागलं ते मुख्यतः रविवारवरून.

गोट्या
संकष्टीला मटण पार्टीला गेल्यासारखं झालं की हे 😀

तात्या_टेकाडे
गोट्या, तरी पार्टीत कोणी राष्ट्रगीत लावत नाही.

स्वाती_डब्लिन
मी दक्षिणेत, डब्लिनला. इकडे हा प्रश्न कोणाला कळतच नाही. इथे आमदार खासदार मॅचला आला नाही तर लोक विचारतात, आजारी आहे का. निवडणुकीच्या आधी तर स्थानिक क्लबच्या बारक्या पोरांच्या मॅचलासुद्धा हजर, चिखलात बूट घालून. आमच्या क्लबात मुलगा खेळतो (हो, मराठी पोरगा गेलिक खेळतोय, आजोबांना फोनवर समजावताना माझी दमछाक होते, शेवटी म्हणाले म्हणजे हाताने पण आणि पायाने पण, मग फाऊल कशाला म्हणतात?) तिथे सगळ्या पक्षांचे लोक आई-बाप म्हणूनच येतात, कोणी फोटो काढत नाही.

पण आपल्या वराडकरांचं आठवलं. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, निदान वडिलांकडून. लिओ वराडकर पंतप्रधान असताना जून २०१८ मध्येच बेलफास्टला ऑरेंज ऑर्डरच्या, म्हणजे युनियनिस्ट प्रोटेस्टंटांच्या जुन्या संघटनेच्या, मुख्यालयात जाऊन आले होते, तिथे जाणारे ते पहिले आयरिश पंतप्रधान. म्हणजे फॉस्टर क्लोन्सला गेल्या त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी. दोघं एकमेकांच्या अंगणात पाय ठेवून आले, ब्रेक्झिटवरून मात्र त्याच काळात एकमेकांवर तोंडसुख घेत होते.

मालवणी_मेवा
वराडकर म्हटलं की आमची कॉलर ताठ. २०१९ च्या डिसेंबरात गावात येऊन गेले, सगळं खानदान घेऊन. धाग्याशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बेलफास्टचा_बाळू
@मालवणी_मेवा तुम्ही दर धाग्यावर सांगता 😀

@जुनापुराणा, मग फॉस्टर पहिल्याच का? ऑफिसात कोणीतरी पीटर रॉबिन्सनचं नाव घेत होतं.

जुनापुराणा
नाही, पहिल्या नव्हेत. डीयूपीचा पक्षाध्यक्ष म्हणून पहिले पीटर रॉबिन्सन, जानेवारी २०१२, आर्मामध्ये मॅकेना कपची फायनल, टिरोन विरुद्ध डेरी, शिन फेनच्या मार्टिन मॅकगिनेस बरोबर. पण ती जानेवारीतली स्पर्धा, आपल्याकडे मोसम सुरू व्हायच्या आधीच्या सराव स्पर्धा असतात तशी, आणि शनिवारची संध्याकाळ. त्याच्याही आधी एडविन पूट्स, क्रीडा खातं त्यांच्याकडे असताना, न्यूरीला एका मॅचला गेले होते, २००८. अल्स्टर फायनल हे मात्र वेगळंच प्रकरण. नऊ काउंट्यांचं अल्स्टर, त्यातल्या सहा उत्तर आयर्लंडात आणि तीन (डॉनिगॉल, कॅव्हन, मोनाहन) दक्षिणेत, सीमा जणू नाहीच असं धरून चालणारी स्पर्धा. युनियनिस्टांना बोचतं ते हेच. म्हणून मला वाटतं रॉबिन्सननी दार किलकिलं केलं आणि फॉस्टर आत जाऊन बसल्या.

शंकेखोर
आणि आत जाऊन बसल्यावर काय झालं? २०२१ ला पक्षानेच काढलं.

जुनापुराणा
त्याचा मॅचशी संबंध नाही हो. ब्रेक्झिटनंतरचा तो समुद्रातल्या सीमेचा प्रोटोकॉल (बाकी ब्रिटनमधून इथे येणाऱ्या मालाची तपासणी) त्यांच्या अंगाशी आला, वर समलिंगींवरच्या 'उपचारां'वर बंदी आणायच्या ठरावात त्या तटस्थ राहिल्या तेही पक्षातल्या कर्मठांना खुपलं. पण तुम्ही विषय काढलाच आहे तर, त्याच २०१८ च्या जूनमध्ये मॅचनंतर काही दिवसांत त्या स्टॉरमॉन्टमध्ये समलिंगी समाजाच्या एका कार्यक्रमालाही गेल्या होत्या. म्हणजे एका महिन्यात बऱ्याच उंबरठ्यांवर पाय ठेवले. पक्षाला हे सगळं एकत्र पचलं नसेल, हे मात्र माझं मत.

रानजाई
मी फर्मॅनात हॉस्पिटलात काम करते, त्या फायनलच्या आठवड्यात तिथेच होते म्हणून लिहिते. फर्मॅना ही अल्स्टरमधली एकमेव काउंटी जिने ही स्पर्धा कधीच, कधीच जिंकलेली नाही. लोकसंख्या थोडी, त्यातही अर्धी मंडळी गेलिक खेळत नाहीत, म्हणजे निवडायला पोरं किती उरणार. त्यामुळे फायनल म्हणजे लग्नघर. वॉर्डात हिरवे झेंडे, पेशंट म्हणतायत डॉक्टरसाहेब रविवारच्या आत सोडा. आणि गंमत म्हणजे वॉर्डात दोन्हीकडची माणसं शेजारी शेजारी, ज्यांनी आयुष्यात गेलिक मॅच बघितली नव्हती असे प्रोटेस्टंट शेतकरी म्हातारेसुद्धा विचारत होते की आपले जिंकतील का. आपले! तो शब्द मी दोनदा ऐकला आणि दोन्ही वेळा म्हणणाऱ्याने नंतर इकडे तिकडे बघितलं.

आर्लीनबाई गेल्या तेव्हा तिथल्या लोकांना जे वाटलं ते टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा साधं होतं, आमच्या काउंटीची बाई आमच्या काउंटीची मॅच बघायला आली. टाळ्या वाजवल्या त्या त्याच्यासाठी. डॉनिगॉलने मात्र धुतलं, २-१८ विरुद्ध ०-१२. (बाळू तू सांगायला हवं होतंस, गोल म्हणजे तीन पॉइंट, बारच्या वरून गेला की एक पॉइंट, तर हे २४ विरुद्ध १२ झालं. आता २०२५ पासून लांबून मारला तर दोन पॉइंट असाही नियम आलाय.)

तात्या_टेकाडे
रानजाई ताई, हे वाचायला मिळतं म्हणून इथे येतो. बाकी २४ विरुद्ध १२ म्हणजे फॉस्टरबाईंचा पायगुण म्हणून कोणी बोंब मारली नाही का? आपल्याकडे साहेबांनी स्टेडियममध्ये पाऊल टाकल्यावर विकेट पडली असती तर सोशल मीडियावर वर्षभर पुरली असती.

रानजाई
मारली की. खाजगीत, हळू आवाजात, आणि हसत. ते हसणं हीच मला वाटतं प्रगती.

कट्टर_केसरी
माफ करा पण सगळे एकाच बाजूने बोलताय. युनियनिस्ट मैदानाकडे फिरकत नाहीत म्हणताना ते का, ते कोणी लिहिलं नाही. जीएएच्या नियम २१ प्रमाणे ब्रिटिश सैन्य आणि उत्तरेतले पोलीस यांना सभासदच होता येत नव्हतं, २००१ च्या नोव्हेंबरापर्यंत! तो नियम काढतानाही उत्तरेतल्या सहा काउंट्यांपैकी एकट्या डाऊनने काढायच्या बाजूने मत दिलं. मैदानं आणि क्लब यांना नावं कोणाची, तर रॉजर केसमेंट, ज्याला ब्रिटनविरुद्धच्या बंडासाठी १९१६ मध्ये फाशी झाली, डंगिव्हनला तुरुंगातल्या उपोषणात मेलेल्या केव्हिन लिंचच्या नावाने क्लब. १९८८ च्या मार्चमध्ये दोन ब्रिटिश जवानांना जमावाने गाडीतून ओढून काढलं, बेलफास्टच्या केसमेंट पार्क मैदानात नेऊन मारहाण केली आणि मग आयआरएने गोळ्या घातल्या. हे सगळं डोक्यात असलेल्या माणसाने रविवारी त्या नावाच्या फाटकातून आत जायचं? आणि नाही गेला तर तो संकुचित?

जुनापुराणा
केसरी, मुद्दे सगळे खरे आहेत, आणि ते इथे आले हे बरं झालं. पण पान उलटून दुसरी बाजूही वाचावी लागेल. २१ नोव्हेंबर १९२०, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात डब्लिन-टिपेरारी मॅच चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला, १४ माणसं मेली, त्यात टिपेरारीचा खेळाडू मायकेल होगन, स्टँडला अजून त्याचं नाव आहे. उत्तरेत क्रॉसमग्लेन क्लबच्या मैदानाला लागून लष्कराने तळ उभा केला आणि जागा बळकावली, हेलिकॉप्टरं तिथेच उतरायची. मे १९९७ मध्ये बेलाघी क्लबचे अध्यक्ष शॉन ब्राऊन रात्री क्लबच्या फाटकाला कुलूप लावत असताना लॉयलिस्ट, म्हणजे कडव्या युनियनिस्ट बंदूकधाऱ्यांनी त्यांना पळवलं आणि मारलं, त्याची चौकशी व्हावी म्हणून कुटुंब अजून झगडतंय. तेव्हा फाटक दोन्हीकडच्यांना आठवतं, वेगवेगळ्या कारणाने.

चहाबाज
वाचून झालं. गप्प बसलो.

स्वाती_डब्लिन
बंदीवरून आठवलं, हे बघा, जीएएचा आणखी एक जुना नियम होता, 'परदेशी' खेळ खेळायचे नाहीत आणि बघायचेही नाहीत. सॉकर, रग्बी, हॉकी आणि क्रिकेट!! संघटनेची माणसं सॉकरच्या मैदानात जाऊन कोण कोण आलंय ते टिपून ठेवायची. आणि सगळ्यात भारी प्रकरण म्हणजे डग्लस हाईड. आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष, आयरिश भाषा जगवायला ज्यांनी गेलिक लीग काढली ते, आणि प्रोटेस्टंट पाद्र्याचे चिरंजीव. नोव्हेंबर १९३८ मध्ये आयर्लंड-पोलंड सॉकरची मॅच बघायला गेले, राष्ट्राध्यक्ष म्हणून जावंच लागतं, तर जीएएने त्यांना आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकलं. देशाच्या राष्ट्राध्यक्षाला! देशाच्याच टीमची मॅच बघितली म्हणून!

तेव्हा बाळू, पुढाऱ्याने कुठली मॅच बघावी हा वाद फॉस्टरबाईंपासून सुरू झालेला नाही.

गोट्या
क्रिकेट बघितलं की हाकलणार?? मी जन्मठेपेवर असतो.

तात्या_टेकाडे
ही बंदी कधी उठली?

स्वाती_डब्लिन
१९७१ च्या ईस्टरला, आणि ठराव कुठे झाला तर बेलफास्टमध्ये.

तात्या_टेकाडे
म्हणजे आपला सुनील वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ कुटत होता तेव्हा. बघा, गावसकरने कोणाकोणाची मनं वळवली.

निळावंती
तात्या 😂😂 हा प्रतिसाद फ्रेम करा.

शंकेखोर
अवांतर पुरे. माझा मूळ मुद्दा तसाच आहे. पुढारी येऊन गेल्याने खाली काय बदललं? फर्मॅनाचाच एक प्रोटेस्टंट खेळाडू होता, त्याचे वडील यूडीआरमध्ये (सैन्याची ती स्थानिक रेजिमेंट) होते आणि आयआरएने मारले, तरी तो गेलिक खेळला, काउंटीकडून खेळला. २००७ मध्ये मैदानावरच्या धार्मिक शिव्यांना कंटाळून सोडून गेला. असा पोरगा टिकला असता तर मी दहा पुढाऱ्यांच्या भेटी त्याच्यावरून ओवाळून टाकल्या असत्या.

रानजाई
तो परत आला ना पण. संघटनेनेही कान धरले तेव्हा. तुमचं म्हणणं मान्य आहे की खरी किंमत तो मोजतो जो दर आठवड्याला जातो, वर्षातून एकदा पुढच्या रांगेत बसणारा नव्हे. पण मी उलट बाजूने बघते. असा पोरगा घरी सांगतो की मला गेलिक खेळायचंय, तेव्हा घरातले म्हणतात लोक काय म्हणतील. आता तो म्हणू शकतो आर्लीन गेली होती. एवढीच सोय होते, पण ती सोय ज्याला लागते त्याला फार लागते.

दर्यावर्दी
उलट्या दिशेचंही लिहा ना कोणीतरी. सॉकरची उत्तर आयर्लंडची टीम विंडसर पार्कला खेळते, तिथे 'गॉड सेव्ह द किंग'. कॅथलिकांना ते मैदान तितकंच परकं. नील लेनन, लर्गनचा कॅथलिक, कॅथलिकांचा लाडका स्कॉटिश क्लब सेल्टिककडून खेळणारा, २००२ मध्ये कॅप्टन म्हणून उतरणार होता, ठार मारायची धमकी आली आणि त्याने देशाकडून खेळणंच सोडलं. पुढे मार्टिन मॅकगिनेस, एके काळचे आयआरएचे कमांडर, युरो २०१६ ला फ्रान्समध्ये नीसला उत्तर आयर्लंडची पोलंडबरोबरची मॅच बघायला गेले. आणि २०२४ मध्ये शिन फेनच्या मिशेल ओनील, आता फर्स्ट मिनिस्टर, विंडसर पार्कला महिलांच्या मॅचला गेल्या आणि ब्रिटिश राष्ट्रगीताला उभ्या राहिल्या. त्याच सुमारास त्यांच्या जोडीच्या डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, डीयूपीच्या एमा लिटल-पेंगेली, पश्चिम बेलफास्टच्या सेंट पॉल्स क्लबात हर्लिंगची काठी हातात घेऊन चेंडू टोलवत होत्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल.

मला तो व्हिडिओ आवडला कारण त्यात भाषण नाही.

निळावंती
हो तो बघितलाय, काठी धरायची ढब चांगली होती.

पण मला एक कळत नाही, आपण भारत-पाकिस्तानशी तुलना का नाही केली अजून? झिया उल हक १९८७ मध्ये जयपूरला कसोटी बघायला टपकले, २०११ ला मोहालीत मनमोहन सिंग आणि गिलानी शेजारी बसले.

जुनापुराणा
वाटच बघत होतो कोण काढतंय 😀 तुलना पूर्ण बसत नाही निळावंती. झिया मॅच बघून विमानात बसले आणि आपल्या देशात गेले. इथे मात्र हीच दोन माणसं सोमवारी एकाच इमारतीत एकाच फायलीवर सही करणार, कारण १९९८ च्या शांतता कराराने फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी दोघांना अधिकार सारखेच दिलेत, एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याची खुर्चीही जाते. त्यामुळे मॅचला न जाण्याचंही राजकारण होतं. जवळची तुलना हवी तर आपल्या मुंबईतलीच, हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन अशा जातधर्मावर टीम पाडून खेळायची ती क्रिकेटची चौरंगी, पुढे पंचरंगी स्पर्धा. गांधीजींनी १९४० मध्ये नको म्हटलं, १९४६ नंतर बंद पडली. आपण स्पर्धाच मोडली. इथे दोन्हीकडच्यांनी आपापला खेळ ठेवला आणि एकमेकांकडे बघायला जायचं की नाही एवढ्यावर अडून बसले.

दर्यावर्दी
रग्बी विसरलात. रग्बीत अख्ख्या बेटाची एकच टीम, दोन्हीकडची पोरं, १९९५ पासून वेगळं गाणं लिहून घेतलंय, बाहेरदेशी मॅच असली की तेच. आणि फेब्रुवारी २००७, क्रोक पार्कात इंग्लंडविरुद्ध रग्बी, जिथे १९२० ला गोळीबार झाला तिथे 'गॉड सेव्ह द क्वीन' वाजलं, ८० हजार माणूस चिडीचूप ऐकत होता. नंतर ४३-१३ ने हाणलं इंग्लंडला. शिष्टाचार पण झाला आणि हिशोब पण.

कट्टर_केसरी
आणि २०११ मध्ये राणी स्वतः क्रोक पार्कात गेली तेव्हा उत्तरेतल्या बहुतेक काउंटी बोर्डांनी पाठ फिरवली, तेही लिहा. म्हणजे पाहुण्याने यायचं, यजमान घरात नाही.

स्वाती_डब्लिन
केसरी, ते खरंय आणि मलाही तेव्हा खटकलं होतं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओमाला रोनन कर या तरुण कॅथलिक पोलिसाला शांतता करार न मानणाऱ्या आयरिश रिपब्लिकनांनी गाडीखाली बॉम्ब लावून मारलं. तो बेराघच्या जीएए क्लबचा. अंत्ययात्रेत क्लबचे लोक आणि पोलीस दोघांनी मिळून मानवंदनेची रांग केली, शवपेटी खांद्यावरून एकाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि पीटर रॉबिन्सन कॅथलिक प्रार्थनेला आत जाऊन बसले. दहा वर्षांपूर्वी नियम २१ मुळे तोच मुलगा एकाच वेळी पोलीस आणि सभासद होऊ शकला नसता. मला तर वाटतं रॉबिन्सनची २०१२ ची मॅच इथूनच निघते, फोटोतून नव्हे.

शंकेखोर
... हे माहीत नव्हतं. बरं. रॉबिन्सनला सूट. फॉस्टरबाईंवर मी अडून आहे.

गोट्या
शंकेखोर निम्मे वितळले, स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

मालवणी_मेवा
जिंकणाऱ्याला कप कुठला मिळतो पण?

जुनापुराणा
अल्स्टरला अँग्लो-सेल्ट कप. आणि अख्ख्या आयर्लंडची फायनल जिंकली की सॅम मॅग्वायर कप, २०२४ ला आर्माने जिंकला, गॅलवेला एका पॉइंटने हरवून. ज्याच्या नावाने तो कप आहे तो सॅम मॅग्वायर कॉर्कचा, चर्च ऑफ आयर्लंडचा, म्हणजे प्रोटेस्टंट. ज्या खेळाला कॅथलिकांचा खेळ म्हणतात त्याचा सगळ्यात मोठा कप प्रोटेस्टंटाच्या नावाने उचलतात. अर्थात तो आयआरएसाठी लंडनमधून काम करायचा, त्यामुळे कट्टर_केसरींना हे सांगून फारसा उपयोग नाही.

कट्टर_केसरी
नाहीच आहे 😀 पण माहिती चांगली.

बेलफास्टचा_बाळू
एवढं येईल असं वाटलं नव्हतं, आभार सगळ्यांचे. आजींना मी जेवताना विचारलं की तुम्ही कधी बघितलीय का हो गेलिकची मॅच, टीव्हीवर तरी. म्हणाल्या टीव्हीवर लागते कधी कधी, चॅनल बदलायचा कंटाळा येतो म्हणून राहते. मग म्हणाल्या तो टिरोनचा गोलकीपर फार पुढे पुढे येतो. म्हणजे अख्खी बघतात!! मग मी गप्प.

पण प्रश्न राहिलाच, जावं का, आणि राष्ट्रगीत लागलं की मी काय करायचं? मी ना इकडचा ना तिकडचा.

तात्या_टेकाडे
उभा राहा रे. सिनेमा थिएटरात राहतो ना.

रानजाई
जा. उभा राहा, तोंड बंद ठेव, कोणी तुझ्याकडे बघणारही नाही, सगळे वॉर्मअप करणाऱ्या पोरांकडे बघत असतात. आणि खरं सांगायचं तर आपल्यासारख्यांना इथे एक सवलत आहे जी तिथे जन्मलेल्यांना नाही, आपण कुठल्या मैदानात गेलो याचा कोणी अर्थ काढत नाही. माझ्या वॉर्डातल्या बाया मला दोन्हीकडच्या गोष्टी सांगतात, एकमेकींना सांगत नाहीत. तर ती सवलत वापर, एकदा क्लोन्स आणि एकदा विंडसर पार्क. आणि आजींना स्कोअर फोनवर कळव, विचारणार नाहीत पण वाट बघतील.

निळावंती
पूर्व बेलफास्टमध्येच आता जीएए क्लब निघालाय ना? आजींच्या भागात?

दर्यावर्दी
हो, २०२० मध्ये, दोन्हीकडचे खेळाडू, बोधचिन्हावर इंग्रजी, आयरिश आणि अल्स्टर-स्कॉट्स तिन्ही भाषा. सुरुवातीला बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या, तरी चालू आहे. पुढारी नंतर आले, आधी पोरी-पोरं चिखलात उतरली.

शंकेखोर
हे मी केव्हापासून सांगतोय.

कट्टर_केसरी
मग आता केसमेंट पार्कचं पण बोला. २०१३ पासून बंद, गवत वाढलंय, युरो २०२८ च्या मॅचेस तिथे होणार होत्या, खर्च इतका फुगला की सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने हात वर केले. आता ते बांधायचं तर पैसे कोणी द्यायचे आणि उद्घाटनाला डीयूपीच्या मंत्र्याने जायचं का?

जुनापुराणा
त्याला वेगळा धागा काढा केसरी, हा शंभरावर जाईल. २०२५ ला लंडनने ५ कोटी पौंड कबूल केलेत, जीएएचा आपला वाटा आहे, डब्लिनचेही आहेत, तरी खड्डा मोठाच उरतो. आणि ते खातं डीयूपीकडेच आहे, त्यामुळे उद्घाटनाला जायचं की नाही हा नंतरचा प्रश्न, आधी चेकवर सही.

गोट्या
नारळ मी आणतो.

बेलफास्टचा_बाळू
तिकीट काढलं. ज्याने बोलावलंय तो म्हणतो क्लोन्सला गाडी गावाबाहेर शेतात लावायची आणि डोंगर चढून चालत जायचं, सँडविच घरून न्यायचे. कोणी आधी गेलं असेल तर पार्किंगबद्दल लिहा प्लीज, आणि पाऊस धरूनच चालू ना?

रानजाई
रेनकोट ने, छत्री नको, मागचे शिव्या देतात. दोन्हीकडचे.